टाकी मरायची वाट बघताना

६ फेब्रुवारी, शुक्रवार

टाकीतल्या धाकटीला काढून टाकणार! आणि हे साहेबाने सकाळच्या मीटिंगमध्ये चहा ढवळता ढवळता सांगितलं.

"आपल्या टाकीत दोन जिवाणू आहेत. माशांच्या खाद्यवाल्यांना एकच हवाय. परवान्याचा प्रश्न आहे. वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत औषध घालून दुसरा मारून टाकलाय. सोमवारी मोठी टाकी शुद्ध विरजणावर सुरू करायची." मग माझ्याकडे बघून — "टाकी तू सांभाळ. तुझ्याइतकं नीटनेटकं इथे कोणी नाही."

मी मान हलवली. असा आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. थोडी लाज वाटली. मग तीही गेली.

याला आम्ही सगळे 'इस्त्री' म्हणतो. पाठीमागे. शर्टाला कधी चुणी नाही, आवाजाला नाही, चेहऱ्यालाही नाही. मी इथे नोकरीला लागले ती याचं काहीतरी वाटोळं करायचं म्हणूनच. पण काय करणार? व्हॉल्व्ह नीट बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत जाणारी मी. माझ्या हातून कुणाचं काय वाकडं होणार!

आता काही करायचंच नाहीये. तोच करतोय, स्वतःच्या हाताने. मी फक्त गप्प बसायचं.

वाट बघेन. मला वाट बघता येते.

८ फेब्रुवारी, रविवार

झोप नीट लागत नाही म्हणून लिहून काढते. सगळं एकदा कागदावर आलं की डोकं हलकं होतं.

दम्यामुळे मी आठवीपर्यंत शाळेत गेले नाही. स्वयंपाकघरातलं टेबल हीच शाळा. आई वाचायला शिकवायची, बाबा गणित, आणि आत्या बाकी सगळं. बाकीच्या मुलांना राजा-राणीच्या गोष्टी सांगत असतील. मला आत्याने थोरली-धाकटीची सांगितली.

बसच्या आगारात बॅटऱ्या चार्ज करायची एक खोली होती. बॅटऱ्यांतून हायड्रोजन निघतो, थोडा थोडा. तिथल्या ओल्या भिंतीवर आत्याला एक बुळबुळीत थर दिसला. "खायला काही नाही अशा भिंतीवर कोण गं राहत असेल?" असं ती मला विचारायची आणि मी दर वेळी नवीन उत्तर द्यायचे. तिने चमच्याने तो थर खरवडून आणला. त्यात निघाल्या या दोघी. थोरली हायड्रोजन खाते, हवेतला कार्बन घेते आणि अंग धरते. ऊन नको, माती नको. नुसत्या गॅसचं अंग! वाळवलं की पिठी, आणि पिठीत निम्म्याहून जास्त प्रथिनं. पण खाताना थोरली आंबट सांडते. ते साठत गेलं की तीच त्यात गुदमरते. ते सांडलेलं खाते धाकटी.

"सख्ख्या बहिणी नाहीत गं, जावा आहेत," आत्या म्हणायची. "एकमेकींशिवाय पानही हलत नाही, आणि तोंड बघायला राजी नाहीत." तिने त्यांना वेगळं करून पाहिलं होतं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थोरली एकटी पहिले काही दिवस मजेत असते. मग आंबते. मग खलास.

इस्त्री याच कारखान्यात आत्याच्या हाताखाली शिकला. मायक्रोस्कोपची काच कशी पुसायची हेसुद्धा तिने शिकवलं. आणि त्याने भर सभेत तिला काय म्हणावं? "बाई, तुमचं भांडंच घाण आहे. इतकी वर्षं आमच्या माथी भेसळ मारलीत." आत्या 'जोडी आहे, जोडी आहे' म्हणत राहिली. लोक हसले. तिला घरी बसवलं. आणि तेच 'घाण भांडं' मोठ्या टाकीत ओतून हा साहेब झाला!

त्यानंतर आत्या कुठे गेली नाही. फाटकापर्यंतसुद्धा क्वचित. दिवसभर पेले धुते. घरातले साधे पाणी प्यायचे पेले — धुतलेले पुन्हा धुते, फडक्यावर पालथे घालते, उजेडात धरून बघते.

आज तिला सांगितलं. "आत्या, थोरलीला एकटी करतायत. मोठ्या टाकीत."

तिच्या हातातला पेला तसाच राहिला. नळ वाहत होता.

"एकटी?"

"हो."

"मरेल ती."

एवढंच म्हणाली आणि पुन्हा पेला धुवायला लागली. पण मी तिचा चेहरा बघितला. काहीतरी जागं झालं त्या चेहऱ्यात. मला समजलं. तिलाही हवंय ते. बोलून दाखवणार नाही, पण हवंय!

९ फेब्रुवारी, सोमवार

विरजण घातलं.

साबणकाका टाकीभोवती घिरट्या घालत होते. गॅसचे फिटर. हातात कायम साबणाच्या पाण्याची बाटली — प्रत्येक जोडावर फवारतात आणि बुडबुडा येतो का बघतात. हायड्रोजनला वास नाही, रंग नाही, गळला तर कळत नाही, आणि कळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. "नाकापेक्षा साबणावर विश्वास ठेवावा," असं ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. मलाही सांगितलं होतं.

"काय पोरी, जुनी जोडी मोडली म्हणे साहेबांनी?"

"हो काका."

"चांगला संसार चालला होता की. उगाच मोडायचा कशाला?" आणि फवारा मारला. "माझंही कुणीतरी मोडून द्या म्हणावं. बायकोची परवानगी काढून आणतो."

मी हसले. खूप हसले. इस्त्रीने काचेमागून पाहिलं आणि तोही हसला, काही न कळता. तुझंच मोडतंय, हस बाबा!

१० फेब्रुवारी, मंगळवार

गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं का?

बाबांचा नियम होता — आपण होऊन चुगली करायची नाही, पण कुणी विचारलं तर लपवायचं नाही. नोकरीच्या मुलाखतीत मला कुणी विचारलं नाही की तुझं कोणी इथे होतं का. आत्याचं आडनाव वेगळं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. नक्की? नक्की. बहुतेक.

आताही कुणी विचारलेलं नाही. म्हणजे मी नियमात आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

टाकी मस्त चालली आहे. मलईच्या रंगाची, दाट. वास उकडलेल्या बटाट्यासारखा. नमुना काचेच्या नळीत धरला तर पलीकडचं बोट दिसत नाही. इस्त्री दिवसातून किती वेळा खाली येतो! येतो, मीटर बघतो, पाठीमागे हात बांधून उभा राहतो, लग्नाच्या मांडवात उभा राहावा तसा.

"बघ, म्हणत होते वेगळी केली तर जगणार नाही."

"कोण म्हणत होतं, साहेब?" मी विचारलं. माझी जीभ मला न विचारता हलली.

"होत्या एक बाई," असं म्हणून तो जिन्याने वर गेला.

होत्या एक बाई! नाव पण घेववलं नाही. थांब. 'पहिले काही दिवस मजेत असते.' हे दिवस तुझे. उड जरा. उंचावरून पडलास की जास्त लागेल.

संध्याकाळी आत्याने विचारलं, "कशी आहे?"

"मजेत."

तिने मान डोलावली. "अजून सुरुवात आहे." माझ्याइतकीच वाट बघतेय ती.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काहीतरी आहे. आंबटपणा मारायला एक पंप आहे — आंबट वाढलं की तो अल्कलीचा थेंब सोडतो आणि टक् असा आवाज करतो. एरवी शेजारी बसलं तरी विसरायला होतं. आज जरा जास्तच बोलतोय.

कदाचित माझेच कान असतील.

१८ फेब्रुवारी, बुधवार

कान नव्हते! टक् टक् टक् — भांडकुदळ शेजारणीसारखा दिवसभर. दाटपणा कालच्या जागीच अडकलाय. फेस वाढला, बोटाला लागला तर चिकट. थोरली आंबायला लागली.

मायक्रोस्कोपखाली बघितलं. बऱ्याच जणी फुगल्या आहेत, हलत नाहीत. मला वाईट वाटलं का? हो, एक क्षण. त्यांनी माझं काय घोडं मारलंय? पण मग सभा आठवली. भेसळ!

इस्त्रीने विचारलं, "काही दिसतंय का?"

"पंप जास्त चालतोय. दाटपणा वाढत नाही." दिसलं ते सांगितलं. आत्याची शिकवणच ती — दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. काय वाटतंय हे त्याने विचारलं नाही. बरं झालं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

रात्री परत स्वप्नात तीच सभा. सभेत मी उभी राहते आणि म्हणते, "साहेब, तुमचं भांडं तर स्वच्छ आहे ना? मग मेलं कसं?" आणि सगळे हसतात. त्याच्यावर.

उठल्यावर आरशासमोर म्हणून बघितलं. आवाज कापतो. आणखी दोनचारदा म्हणायला हवं. आईने बाहेरून विचारलं, "कोणाशी बोलतेयस?" पाठांतर करतेय म्हटलं. खोटं नव्हतं ते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हात धुतले तरी आजचा दिवस निघत नाही अंगावरून.

दाटपणा खाली आला. नळीतून पलीकडचं बोट दिसायला लागलं. टाकीचा मलईचा रंग जाऊन ताक पाणचट व्हावं तसा झालाय. पुढच्या शुक्रवारी पाहुणे येणार — खाद्यवाल्या बाई, त्यांचे तंत्रज्ञ, आणि इस्त्रीच्या वरचे लोक. त्यांच्यासमोर चालती टाकी दाखवायची. नाही दाखवली तर करार नाही, आणि करार नाही तर इस्त्री नाही. साबणकाकांनी हे मला टोपीआड तोंड करून सांगितलं. "खुर्ची डगमगतेय बघ. पाय धरून बसलाय बिचारा."

दुपारी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. बाह्या वर केलेल्या. कोपरापाशी चुण्या! मी आधी त्या बघितल्या, मग त्याला.

"ओतून टाकू का?" म्हणाला.

मी दार लोटून घेतलं.

"जुनं, दोन जिवाणूंचं विरजण आहे अजून. आज ओतली, धुतली, सुरू केली तर टाकी भरेल. पाहुण्यांना महिन्याने या म्हणून कळवतो. नाक कापलं जाईल थोडं, पण नाक राहील." त्याने डोळे चोळले. "वरच्या मजल्यावरचे म्हणतात ओता. मला काही सुचत नाही. तू रात्रंदिवस हिच्यापाशी असतेस. तुला काय वाटतं? खरं सांग."

विचारलं! सरळ विचारलं. बाबांचा नियम समोर येऊन उभा राहिला.

उत्तर मला माहीत होतं. आमच्या टेबलावर घोटून घेतलेलं उत्तर — आजारी भांडं त्याच दिवशी ओतायचं. दया दाखवायची नाही, उद्याची वाट बघायची नाही. ओतायचं, उकळत्या पाण्याने धुवायचं, ताज्याने सुरू करायचं. आत्याच्या हातून आयुष्यात एक आजारी भांडं दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं नाही. लहानपणी मी एकदा रडले होते, राहू दे ना गं म्हणून, तर तिने माझ्यासमोर मोरीत ओतलं. 'ओता' म्हटलं असतं तर तो वाचला असता. थोडं नाक कापून.

"थांबू या, साहेब," मी म्हणाले.

"थांबू या?"

"ओतायला काय, केव्हाही ओतता येईल."

त्याने बाह्या खाली ओढल्या. मग हसला, थकलेला. "माझ्या बाई असत्या ना, तर परवाच ओतली असती. फार कडक होत्या. आम्हाला वाटायचं, या बाईंना भांड्याची दया येत नाही." आणि पुढे, स्वतःशीच बोलल्यासारखा — "हात मात्र काय होता त्यांचा."

माझ्या बाई! हात! तोंडात तिचा उल्लेख आला कसा याच्या? तेवढ्याने माझं मन घट्ट झालं. नाहीतर कदाचित मागे फिरून सांगितलं असतं — ओता.

नाही ओतली. आता ती त्याच्या पाहुण्यांसमोर मरेल.

२२ फेब्रुवारी, रविवार

मी खोटं बोलले. आता ते धुऊन निघणार नाही. 'तुला काय वाटतं' असं विचारलं आणि मला वाटत होतं त्याच्या उलट सांगितलं. दोनदा अंघोळ केली. आई म्हणाली, "बरं नाही का तुला?"

आत्याने विचारलं, "कशी आहे?"

"आंबतेय."

ती खिडकीपाशी गेली आणि बाहेर बघत राहिली. नंतर विचारलं, "ओतली नाही त्याने?"

"नाही."

"वेडा आहे." आणि तिने तिचे पेले पुन्हा धुवायला काढले.

तिच्यासाठी करतेय मी. हे लक्षात ठेवायला हवं. तिच्यासाठी.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पाणी! जवळजवळ पाणी. तळाशी गाळ. पंप टकटक करून करून दमलाय.

इस्त्रीने दाढी केली नाही. शर्ट कालचाच. साबणकाका म्हणाले, "इस्त्री थंड पडली गं." सगळा हॉल हसला. मी सर्वांत मोठ्याने.

आरशासमोर आता आवाज कापत नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पंप शांत आहे.

अल्कली संपली असेल म्हणून तिची बरणी उघडून बघितली. नाही, भरलेली आहे. नळी तुंबली असेल म्हणून काकांना बोलावलं. त्यांनी फुंकून बघितली. "स्वच्छ आहे की. त्याला बोलायला काही राहिलं नसेल." म्हणजे मेली. सगळ्या मेल्या म्हणून आंबट सांडायला कुणी उरलं नाही. झालं!

असंच असणार.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

असं नाही.

सकाळी नमुना काढला आणि नळीतून बोट दिसेना. माझा हात थरथरला असेल म्हणून दुसरा काढला. तोही तसाच. दुपारी आणखी दाट. मलईचा रंग परत आला. पंप अधूनमधून एक टक् करतो, खाल्ल्यावर ढेकर द्यावा तसा.

मायक्रोस्कोपवर बसले ते उठलेच नाही. फुगलेल्या, मेलेल्यांच्या मधून नव्या फिरतायत. बारीक, चपळ. धाकटी परत घुसली का? तेच आधी मनात आलं — काकांच्या नळीतून, माझ्या हातातून, कुठून तरी. देवा, तसं असू दे! वरच्या मजल्यावर नमुना पाठवला.

संध्याकाळी वरून उत्तर आलं. धाकटी नाही. एकही नाही. सगळ्या थोरल्याच आहेत. "त्यांच्यातल्याच काही जणी आंबट खायला शिकल्या," म्हणाले. म्हणजे एवढ्या अगणित पिल्लांत दोनचार जरा निराळी निपजली असणार, जी स्वतःचं सांडलेलं स्वतः खाऊ शकतात. बाकीच्या गुदमरत होत्या तेव्हा या जेवत होत्या. टाकी रिकामी झाली आणि यांच्या पोरांनी भरली. त्याला फक्त काही दिवस लागतात. आजारी भांडं काही दिवस तसंच ठेवावं लागतं, न ओतता.

आत्याने एकदाही ठेवलं नाही. इतकी वर्षं, इतकी भांडी, आणि प्रत्येक वेळी त्याच दिवशी मोरीत. ती निष्काळजी असती तर तिला हे दिसलं असतं. थोडीशी आळशी असती, एखादं भांडं कोपऱ्यात विसरली असती, तरी!

आणि इथेही ओतणार होते. मीच म्हणाले थांबू या. त्याचं वाटोळं व्हावं म्हणून म्हणाले!

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पाहुणे आले. टाकी अशी चालली की बस. खाद्यवाल्या बाईंनी काचेला नाक लावलं. वाळवलेली पिठी तळहातावर घेऊन हुंगली, जिभेवर ठेवली. "माशांच्या आधी मीच खाईन," म्हणाल्या. इस्त्रीच्या वरचे लोक गडगडाटी हसले.

इस्त्री कडक. नवा शर्ट.

आणि मग सभागृहात त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं, "श्रेय द्यायचं तर हिला द्या. मी ओतायला निघालो होतो. सगळे ओता म्हणत होते. ही एकटी म्हणाली, थांबू या."

टाळ्या! माझ्यासाठी. त्याच सभागृहात, जिथे आत्यावर हसले होते.

खाद्यवाल्या बाईंनी माझा हात हातात घेतला. "तुम्हाला कसं कळलं हो, की ती परत येईल?"

"कळलं नव्हतं," मी म्हणाले. "मला वाटलं होतं ती मरेल."

"विनय बघा," इस्त्री म्हणाला.

इतक्या दिवसांत मी खरं बोलले ते एवढंच, आणि ते विनय म्हणून खपलं. आरशासमोरचं वाक्य तोंडात होतं. गिळून टाकलं. भांडं स्वच्छ आहे, आणि मेलं नाही. त्याचंच खरं झालं. नंतर तो म्हणाला, "उद्या सुट्टी घे. दमली आहेस. सोमवारपासून दोन टाक्या तुझ्याकडे." साबणकाका फाटकापर्यंत आले. "पोरी, आज तरी हस की!"

बसमध्ये ठरवलं, आत्याला सगळं सांगायचं. दिसलं ते. 'आत्या, तू म्हणालीस ते तुझ्या भांड्यांत खरं होतं. पण तू ती राहू दिली असतीस तर...' इथे येऊन वाक्य थांबायचं. पुन्हा सुरुवात करायची. शेवटच्या थांब्यापर्यंत पुरं झालं नाही.

ती दारातच उभी होती.

"कशी आहे?"

"मेली," मी म्हणाले.

एवढा एक शब्द. ठरवून नाही बोलले. पण परत घेतलाही नाही. तिच्याकडे हे एकच उरलंय, की तिचं बरोबर होतं. तेही मी कसं काढून घेऊ?

आत्याने चौकटीला हात टेकला. "सगळी टाकी?"

"सगळी."

"आणि तो?"

"बसलाय डोकं धरून."

ती वळली. आत गेली, दार लोटून घेतलं. रात्री जेवायला आली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा — कसा सांगू — सुटलेला. आज तिने पेले धुतले नाहीत. जेवून तसेच ठेवले.

सूड पुरा झाला तिचा. निदान तिच्यापुरता. मग त्यासाठी मी खोटी झाले तर झाले. चालेल मला. चालेल!

२८ फेब्रुवारी, शनिवार

उशिरा उठले. आत्या घरात नाही. तिच्या चपला नाहीत.

आई म्हणाली, "तुझ्या कारखान्यात गेली. तुला उठवू नको म्हणाली. कसली तरी धाकटी जिवंत ठेवली होती म्हणे तिने इतकी वर्षं, फ्रीजमध्ये माझ्या औषधांच्या मागे, एवढीशी बाटली. दर महिन्याला बदलायची, मला वाटायचं तिचंच काही औषध असेल. ती त्याला देऊन येते म्हणाली. मी म्हटलं, अगं, त्याला? त्या माणसाला? तर म्हणते, 'त्याची टाकी मेलीय, वहिनी. शिकवताना माझंच काही राहून गेलं असेल.' गुणगुणत गेली गं. किती वर्षांनी!"